उत्तर: संगणक हात वर करतो तेव्हा

‘संगणक चुकत नाही, चुकतो तो वैमानिक’ हे नेहमी ऐकू येणारं विधान अर्धंच खरं आहे. ऑटोपायलटला वेगाचे आकडे पिटो नळ्यांतून (हवेच्या दाबावरून वेग मोजणाऱ्या, विमानाबाहेरच्या नळ्या) मिळतात. नळ्यांत बर्फ साचला की आकडे आपसात जुळत नाहीत आणि ऑटोपायलट सरळ बंद होतो. म्हणजे नेमक्या अडचणीच्या क्षणी विमान माणसाच्या हाती येतं, तेही संगणकाच्या कमी संरक्षणासह.

अटलांटिकमध्ये कोसळलेल्या एअर फ्रान्स ४४७ या विमानात (१ जून २००९, एअरबस ए३३०) हेच झालं. वेग जेमतेम मिनिटभर चुकीचा दिसत होता, पण तेवढ्यात नाक वर ओढलं गेलं. ३५ हजार फुटांवरचं विमान सुमारे ३८ हजारांवर चढलं आणि स्टॉल झालं, म्हणजे पंखांना पुरेशी उचल मिळेना. पुढचा भाग जास्त भयानक: मोजलेला वेग ६० नॉटच्या (ताशी सुमारे ११० किमी) खाली गेला की स्टॉलचा इशारा बंद पडायचा, नाक थोडं खाली केलं की पुन्हा वाजायचा. योग्य कृतीला शिक्षा, चुकीच्या कृतीला शांतता!

अशा वेळी वेगावर विश्वास नसेल आणि विमान धोक्यात वाटत असेल, तर एअरबसवरची पाठ (तोंडपाठ असलेली) कृती अशी: ऑटोपायलट, ऑटोथ्रस्ट (इंजिनाचा जोर आपोआप ठरवणारी यंत्रणा) आणि फ्लाइट डायरेक्टर (नाक कुठे ठेवायचं ते पडद्यावर पट्ट्यांनी दाखवणारी यंत्रणा) तिन्ही बंद. १० हजार फुटांच्या वर असाल तर नाक ५ अंश वर, थ्रस्ट (इंजिनाचा जोर) ‘क्लाइंब’वर, म्हणजे चढतानाच्या जोरावर. मग चेकलिस्ट. फ्लाइट डायरेक्टर बंद करायला लोक विसरतात. ४४७ मध्ये त्याच्या पट्ट्या अधूनमधून परत येऊन नाक वर करायला सांगत होत्या.