मस्कतच्या बाहेर: बातिना किनारा, किल्ले आणि हजरचे डोंगर (तुमचे अनुभव लिहा)

दिवाळी झाली की आमच्या इमारतीत पाहुण्यांचा हंगाम सुरू होतो. कुणाचे आईवडील, कुणाचे सासूसासरे, त्यांच्याबरोबर मेतकूट, भाजणी आणि एक तरी फुटलेली लोणच्याची बरणी. पहिले दोन दिवस मोठी मशीद आणि मत्राहचा बाजार यांत जातात. तिसऱ्या सकाळी चहाच्या कपावरून प्रश्न येतो, "आज काय दाखवणार?"

म्हणून हा धागा. मस्कतहून सोहारच्या दिशेने निघालं की उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला हजरची उघडीबोडकी रांग आणि मधल्या पट्टीत खजुराच्या बागा. हा बातिना किनारा. किल्ले बरेचसे डोंगराच्या पायथ्याशी, कारण पाणी तिथे. नकाशावर मिळतं ते लिहू नका. स्वतः पाहिलेली जागा लिहा आणि काय चुकलं तेही लिहा. मोसम नोव्हेंबर ते मार्च, बाकी महिन्यांत ज्याची त्याची हौस.

सुरुवात माझ्यापासून. गेल्या वर्षी बाबांना नखलला नेलं. बाबांनी तरुणपणी निम्मा सह्याद्री पायाखाली घातलेला. गाडीतून उतरून त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "गड कुठाय? हा तर वाडा आहे!" खरं तर किल्ला एका खडकावर बसलाय आणि खडक जसा वळतो तशी भिंत वळते, त्यामुळे सरळ बाजू शोधून सापडत नाही. पण रंग मातीचा, उंची बेताची. त्यामुळे राजगड चढलेल्या माणसाचं समाधान होईना.

बदल झाला तो दाराशी. जाड लाकडी दार, त्यावर लोखंडी खिळ्यांच्या रांगा आणि त्या दाराच्या पोटात वाकून जाण्याइतकं छोटं दार. "दिंडी!" बाबा मोठ्याने म्हणाले. पहारेकरी दचकला. मग बाबांनी मान वर करून दारावरची फट बघितली आणि स्वतःच ओळखलं की इथून खाली काहीतरी ओतत असणार. काय, ते आत कळलं. एका अंधाऱ्या खोलीत जमिनीला पन्हळी आहेत. खजुराची पोती एकावर एक रचायची, वरच्या वजनाने खालच्या पोत्यांतून पाक गळायचा आणि पन्हळीतून भांड्यात जमायचा. एरवी खायला, वेळ आली तर उकळून शत्रूच्या डोक्यावर. आईने खाली बसून पन्हळीतून बोट फिरवलं आणि म्हणाली, "म्हणजे काकवी की." दीडशे छायाचित्रं काढली, पण आमच्या घरात नखल म्हणजे आता "काकवीचा किल्ला".

चूक दुपारची. किल्ल्यापासून थोडं पुढे ऐन अथ्थुवारा हा उन्हाळ्याचा झरा आहे. (उन्हाळा म्हणजे कोकणातला 'उन्हाळं', गरम पाण्याचा. ऋतू नव्हे.) आम्ही गेलो शुक्रवारी जेवणानंतर. इथली सुट्टी शुक्रवार-शनिवार, त्यामुळे अख्खा जिल्हा कोळसा, शेगड्या आणि चटया घेऊन तिथे हजर. गाडी एवढी लांब लावली की चालूनच पाय दुखले. मग ते पाण्यात सोडले तर बारीक मासे येऊन टाचा टोचायला लागले. बाबांनी वज्रेश्वरीशी तुलना करून गुण कापले. तुम्ही आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी जा.

*

रुवीहून, मूळचा वसईचा

धाग्याच्या हद्दीबाहेरचं लिहितोय, चालवून घ्या. जुन्या मस्कतमध्ये राजवाड्याजवळ उभं राहिलं की खाडीच्या तोंडाशी दोन बाजूंना दोन किल्ले दिसतात, अल जलाली आणि अल मिरानी. १५८० च्या दशकात पोर्तुगीजांनी उभे केलेले. वसईच्या तटावर लहानपण गेल्यामुळे मला ते पाहुण्यांच्या घरात ओळखीचं भांडं दिसावं तसे वाटले.

तोवर मला वाटायचं, पोर्तुगीज हा आपलाच विषय. इथे येऊन कळलं की १६५० मध्ये इमाम (म्हणजे इथला राज्यकर्ता) सुलतान बिन सैफने त्यांना मस्कतमधून हाकललं, त्यांच्याकडून घेतलेल्या जहाजांवर स्वतःचं आरमार वाढवलं आणि मग ओमानी लोक त्यांच्या मागे थेट आपल्या किनाऱ्यापर्यंत आले. १६६८ मध्ये दीव लुटलं. १६७४ मध्ये मस्कतचे अरब वसईत उतरले आणि तटाबाहेरची चर्चेस लुटून गेले. आम्हाला शाळेत चिमाजी अप्पांचं १७३९ घोकायला लावलं, त्याच्या पासष्ट वर्षं आधीचं हे प्रकरण कुणी सांगितलं नव्हतं.

मत्राहच्या बाजारात एका म्हाताऱ्या दुकानदाराला पैसे देताना मी बैसा मोजत होतो. तो स्वच्छ हिंदीत म्हणाला, "आमच्या लहानपणी रुपयाच चालायचा." खरं आहे. आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला होता आणि ओमानमध्ये तो १९७० पर्यंत होता. बैसा हा शब्दही आपला पैसाच आहे, अरबीत 'प' नाही म्हणून तसा झाला.

चूक: हे सगळं मे महिन्यात दुपारी दोनला हिंडून पाहिलं. पुढचे दोन दिवस इलेक्ट्रालवर.

*

सीबहून

सवादी. किनारा छान, शिंपल्यांचा खच, समोर छोटी बेटं. ओहोटीला सगळ्यात जवळच्या बेटापर्यंत चालत जाता येतं, वर बुरूजही आहे. आम्ही दोन बायका, चार पोरं, मस्त चालत गेलो. वर चढून पोह्यांचा डबा उघडला. मुलांनी शिंपल्यांची वाटणी सुरू केली, वाटणीवरून भांडण, भांडणावरून रडारड, आणि हे सगळं मिटवून खाली बघतो तर वाळूची वाट गायब.

पाणी फार नव्हतं, माझ्या मांडीपर्यंत. पण मांडीपर्यंतचं पाणी सहा वर्षांच्या मुलाच्या छातीपर्यंत असतं हे गणित पाण्यात उतरल्यावरच सुचतं. एका मच्छीमाराने बोट आणून सगळ्यांना पलीकडे सोडलं. पैसे घेतले नाहीत, फक्त माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला माझे आजोबा आठवले. मी रत्नागिरीची. भरती-ओहोटीचं पंचांग मला कुणी शिकवायची गरज नव्हती, पण सुट्टीवर माणूस अक्कल घरी ठेवून निघतो.

याच किनाऱ्यावरून दूर समुद्रात दयमानियात बेटं आहेत, राखीव क्षेत्र. तिकडे बोटीने जातात. मी अजून गेले नाही, नवरा पाठवत नाही.

*

रुस्ताकजवळून, मूळ गाव साक्री तालुक्यात

नखलहून पुढे रुस्ताक आणि मग अल हज्म अशी एक गोल फेरी लोक करतात. रुस्ताकचा किल्ला पाहायला गेलो तेव्हा दुरुस्तीसाठी बंद. बाहेरून चार बुरूज मोजले, त्यातल्या एकाचं नाव सैतानांचा बुरूज. आजच्या सुलतानांच्या घराण्याचा मूळपुरुष अहमद बिन सईद याच गावात पुरलेला आहे. निघण्याआधी फोन करून विचारा, एवढाच धडा.

अल हज्म मात्र उघडा होता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इमाम सुलतान बिन सैफ दुसरा याने बांधला, त्याची कबरही आतच. लोक कोरीव दरवाजे आणि पोर्तुगीज तोफा बघतात. मी अडकलो ते पाण्यापाशी. किल्ल्याच्या आतून पाट वाहतो! वेढा पडला तरी आतल्यांना पाणी.

या पाटाला इथे फलज म्हणतात. डोंगराच्या पोटात मूळ विहीर, तिला 'उम्म अल फलज' म्हणजे फलजची आई. तिथून जमिनीखालून, अगदी हलक्या उताराने पाणी गावापर्यंत आणायचं. पंप नाही, काही नाही. युनेस्कोने २००६ मध्ये ओमानचे पाच फलज वारसा यादीत घेतले, त्यातला एक, अल मुयस्सर, आमच्या रुस्ताकचा.

एका बागेत मी तासभर बांधावर बसून राहिलो. एक म्हातारा आला, पाटाच्या एका तोंडावरची चिंधी आणि दगड काढून दुसऱ्या तोंडात बसवला, पाणी वळलं. घड्याळाकडे पाहिलं आणि निघून गेला. पूर्वी हीच वेळ दिवसा काठीच्या सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर मोजायचे. वाटणी बघणाऱ्याला अरीफ म्हणतात. आमच्याकडे पांझरा नदीच्या फडांवर (पाटाच्या पाण्यावरच्या सामाईक शेतांवर) पाटकरी असतो, तोच हा. तोच फावड्याचा आवाज आणि पाळी चुकली तर तीच शिवीगाळ (अरबीतली असल्याने कळत नाही, सुरावरून ओळखायची). फरक एवढाच, इथे पाणी गावात शिरताना पहिला हक्क पिण्याचा, मग मशीद, मग अंघोळ, शेत सगळ्यात शेवटी. काही ठिकाणी पाण्याच्या पाळीचा लिलावही होतो. वडील असते तर त्यांना किल्ल्याऐवजी थेट त्या बांधावर नेऊन बसवलं असतं.

*

बर्क्याहून, मालवणी

किल्ले-बिल्ले ठीक आहेत. सकाळी लवकर मासळी बाजारात जा. सुरमईला इथे कनद म्हणतात. तुकडे करून मागितले तर ते पोळीच्या लाटीएवढे जाड करतात, आपल्याला हवे तसे पातळ सांगून करून घ्यावे लागतात. किनाऱ्यावर वाळूत तारल्यांचे सडे सुकत घातलेले दिसतील. मला वाटलं, सुकट! तोंडाला पाणी सुटलं. विचारलं तर म्हणे जनावरांचा खुराक. आये गे.

खजुराच्या झावळ्यांच्या मधल्या दांड्या बांधून केलेली 'शाशा' नावाची होडी कुठे दिसली तर थांबा. ती तरंगते, पण पाणी आतून खेळतं. माणूस ओला बसून मासे धरतो.

*

अल खुवैरहून

वादी बनी औफ या डोंगरातल्या दरीबद्दल. साधी भाड्याची गाडी घेऊन जाऊ नका. मी नेली. चढावर चाकं जागच्या जागी फिरायला लागली, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला बायको. दरी परवडली असती. मागून आलेल्या ओमानी पोरांनी गाडी ढकलून वळवून दिली, वर खजूर आणि काहवा (अरबी कॉफी). बिलाद सैत गाव अजून बघायचं राहिलंय. कड्यांच्या मधोमध एक हिरवंगार फुटबॉलचं मैदान आहे म्हणे, तेही.

*

सुवेकहून, मूळ गाव लातूर जिल्ह्यात

वादीचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. वादी म्हणजे कोरडं पात्र, वर्षभर त्यात शेळ्या चरतात. आपल्या डोक्यावर आकाश निळं असतं आणि वर डोंगरात पाऊस पडून गेलेला असतो. रस्ता वादी ओलांडतो तिथे लाल-पांढरे खांब उभे असतात, पाणी किती चढलंय ते कळावं म्हणून. पाहुणे त्यांच्याजवळ उभे राहून फोटो काढतात.

सप्टेंबर २०२१ च्या शेवटी गावाहून भावाचा फोन आला. गुलाब वादळाचा पाऊस, मांजरा फुगलेली, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात. मी इथून धीर देत होते. ते वादळ मराठवाडा ओलांडून अरबी समुद्रात उतरलं, पुन्हा जोर धरला, नवं नाव मिळालं शाहीन, आणि रविवारी ३ ऑक्टोबरला आमच्या किनाऱ्यावर आलं. भावाचं शेत बुडवलं तेच. आता धीर द्यायची पाळी त्याची होती.

आम्ही समुद्राकडची खिडकी बंद करून तिच्याकडे बघत बसलो होतो. पाणी आलं मागच्या दाराने, डोंगराकडून, वादीतून. मध्यरात्री तळमजल्यात चिखल, त्यात शेजारच्यांचा फ्रिज तरंगत आलेला. वरच्या मजल्यावरच्या बलुची कुटुंबाने आम्हाला ओढून घेतलं. सकाळी त्यांच्या आजीने सगळ्यांना चहा दिला, कपात गाळ होता, कुणी काही बोललं नाही. नंतर कित्येक दिवस मस्कतहून, कुठून कुठून, लोक फावडी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन येत होते.

आता किनारा पुन्हा शांत आहे, संध्याकाळी पोरं फुटबॉल खेळतात. पाहुणे आले की मी पण नेते. फक्त पावसाचा इशारा असेल त्या दिवशी वादीच्या कडेला डबा उघडू नका.

*

धागाकर्ता

लातूरच्या ताई, हे वाचून बाबांनी मला दोनदा विचारलं की आपली इमारत वादीत तर नाही ना. नाही, बघून आलो.

सोहारबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. आम्ही एकदाच गेलो. सिंदबादचं गाव अशी आख्यायिका, पांढरा किल्ला समुद्रालगत, पण जाऊन येऊन एका दिवसात केलं तर सगळा वेळ रस्त्यावरच जातो. मुक्काम केलेल्यांनी लिहा.

आणि बर्क्याच्या मालवणी दादा, तुमच्याकडे थंडीत शुक्रवारी बैलांच्या टकरी असतात ना? बैलाला बैल भिडवतात, माणूस मधे नसतो, हे सांगितल्यापासून बाबांनी परतीचं तिकीट पुढे ढकलायचा विषय काढलाय. किती वाजता सुरू होतात आणि गाडी कुठे लावायची, तेवढं सांगा.