टूलचं वर्णन नीट लिहायचं, की टूलच असं बनवायचं की वर्णन लागू नये?

पाणंद:
एआय एजंटला, म्हणजे भाषा-मॉडेलच्या आधारे स्वतः कामं करणाऱ्या प्रोग्रामला, आपण टूल्स (तो गरजेनुसार बोलावू शकेल असे छोटे प्रोग्राम) देतो, आणि त्यांचं वर्णन सगळ्यात शेवटी, एका ओळीत उरकतो. हे थांबायला हवं असं माझं ठाम मत आहे. जून २०२३ मध्ये ओपनएआयने फंक्शन कॉलिंग (मॉडेलने टूल बोलावण्याची सोय) आणलं, नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने एमसीपी (मॉडेलला बाहेरची टूल्स जोडण्याचं मानक) आणलं. दोन्हीकडे मॉडेलला सुरुवातीला दिसतं ते टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटर्सचा स्कीमा, म्हणजे टूलला कोणती माहिती कोणत्या साच्यात द्यायची त्याचा आराखडा. आतला कोड त्याला दिसतच नाही.

समजा, बाजार समितीचे भाव सांगणारं एक टूल आहे. वर्णन एवढंच: 'शेतमालाचा भाव मिळवते.' कोणी विचारलं, लासलगावला कांदा काय भाव चाललाय? टूलने उत्तर दिलं, १८००. हा भाव क्विंटलचा हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, पण मॉडेलने ते कशावरून ओळखायचं? बरं, हा किमान, कमाल की सर्वसाधारण? समित्या तिन्ही जाहीर करतात. उन्हाळी कांद्याचा की लाल कांद्याचा? आणि त्या दिवशी लिलावच नसेल तर काय येणार?

मी असं लिहीन: 'बाजार समितीतला दिलेल्या तारखेचा घाऊक भाव देते. किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन आकडे, रुपये प्रति क्विंटल. लिलाव झाला नसेल तर रिकामी यादी येते, आदल्या दिवसाचा भाव आपोआप येत नाही. किरकोळ भावासाठी वापरू नये.' यातलं शेवटचं वाक्य मला सर्वांत मोलाचं वाटतं. टूल कशासाठी नाही, हे फारच कमी जण लिहितात.

कळसूबाई:
असहमत. तुम्ही डिझाइनमधली उणीव गद्याने भरून काढताय. एकक महत्त्वाचं आहे ना? मग उत्तरातल्या फील्डचंच नाव 'सर्वसाधारण_रुपये_प्रति_क्विंटल' ठेवा. कांद्याचे प्रकार ठरलेले असतील तर पॅरामीटरमध्ये तेवढेच पर्याय द्या. तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमात घ्या, म्हणजे ०५/०६ हा ५ जून की ६ मे हा घोळच उरत नाही. ऑगस्ट २०२४ पासून ओपनएआयकडे स्कीमा काटेकोर पाळायला लावायची सोय आहे. वर्णनाचं तसं नाही, मॉडेल ते पाळेल किंवा विसरेल.

शिवाय कोड बदलतो आणि वर्णन जुनंच राहतं. खोटं वर्णन हे वर्णन नसण्यापेक्षा वाईट. आणि साधारणपणे ही सगळी वर्णनं प्रत्येक संभाषणात कॉन्टेक्स्टमध्ये (मॉडेल एका वेळी वाचू शकतं त्या मर्यादित जागेत) जाऊन बसतात. वापरणाऱ्याने एक अक्षर टाइप करण्याआधीच जागा गेली.

फलाट_क्रमांक_एक:
कळसूबाई, स्कीमाचं म्हणणं पटतं, पण एका जागी ते अडतं. लोकल गाड्या शोधणारं टूल घ्या. दादर स्टेशनला दोन कोड आहेत: मध्य रेल्वेचा डीआर आणि पश्चिम रेल्वेचा डीडीआर. दोन्ही वैध, त्यामुळे स्कीमा दोन्ही आनंदाने स्वीकारणार. चर्चगेटला जाणाऱ्यासाठी मॉडेलने डीआर पाठवला तर एररही येणार नाही, नुसती चुकीची किंवा रिकामी यादी येईल. 'चर्चगेट, बोरिवली, विरारसाठी डीडीआर. सीएसएमटी, ठाणे, कल्याणसाठी डीआर' हे वाक्य पॅरामीटरच्या वर्णनात लिहिण्याला मला तरी सोपा पर्याय दिसत नाही. स्कीमा मूल्याचा साचा तपासतो, त्यामागचा हेतू तपासत नाही.

कळसूबाई:
दादरचं उदाहरण मान्य. तरी मी सर्व्हरमध्येच, म्हणजे टूल चालवणाऱ्या कोडमध्येच, दुरुस्ती करीन. कुठून-कुठे हे दोन्ही कळल्यावर कोणता दादर, हे कोडला ठरवता येतं. मॉडेलवर ते ओझं कशाला?

आडोसा:
तुम्ही दोघंही एक गोष्ट गृहीत धरताय, की वर्णन लिहिणारा प्रामाणिक आहे. एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्सच्या संशोधकांनी दाखवलं, की बाहेरच्या एमसीपी सर्व्हरच्या टूल-वर्णनात लपवलेल्या सूचना मॉडेल पाळतं. वापरणाऱ्याला पडद्यावर अनेकदा टूलचं नुसतं नाव दिसतं, मॉडेल मात्र अख्खा मजकूर वाचतं. त्यामुळे मला लांबलचक वर्णनांची भीती वाटते. पानभर मजकूर असेल तर तपासणारा माणूस तो शेवटपर्यंत वाचत नाही.

एमसीपीत 'हे टूल फक्त वाचतं', 'हे टूल नासधूस करू शकतं' अशा खुणा आहेत, पण त्या केवळ सूचक आहेत. अनोळखी सर्व्हरच्या खुणांवर विसंबू नका, असं मानकातच म्हटलंय. 'परवानगीशिवाय डिलीट करू नये' हे वर्णनात लिहून कोणी निर्धास्त होत असेल तर ते धोक्याचं आहे. परवानगी सर्व्हरनेच तपासली पाहिजे.

पाणंद:
आडोसा, सुरक्षेचं शंभर टक्के मान्य. वर्णन हे कुलूप नाही, आणि मी त्याला कुलूप म्हणत नाहीये.

पण कळसूबाई, पॅरामीटर भरायची वेळ येते ती टूल निवडल्यावर. एका एजंटकडे 'भाव_शोधा', 'भाव_इतिहास' आणि 'आवक_शोधा' अशी तीन टूल्स आहेत. 'गेल्या आठवड्यात कांदा का पडला?' या प्रश्नाला कोणतं घ्यायचं? इथे इतिहास आणि आवक दोन्ही लागतात, आणि ते फक्त वर्णनावरून कळू शकतं. शेतकरी खरोखर जसे विचारतात तसे प्रश्न गोळा करा, एजंटला द्या आणि तो कुठे चुकीचं टूल उचलतो ते पाहा. एकेका वाक्याने निवड बदलते.

कळसूबाई:
मग 'भाव_शोधा' आणि 'भाव_इतिहास' एकच करा ना! सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख, संपलं. गोंधळात टाकणारी टूल्स वेगळी ठेवून वर त्यांना समजावत बसायचं, हे मला पटणार नाही. आवकेचं टूल वेगळं राहू दे, आणि त्याला तुमची दोन वाक्यं लागतील हे मी मानते.

फलाट_क्रमांक_एक:
एकत्र करा, पण वर्षभराचे रोजचे भाव एकदम ओतू नका, नाहीतर कळसूबाईंनी वाचवलेली जागा उत्तरातच जाईल. आणि पाणंद, तुमच्या वर्णनातली ती रिकामी यादी मला खटकते. त्याऐवजी टूलनेच उत्तर द्यावं: 'या तारखेला लिलाव झाला नाही. आधीचा भाव हवा असल्यास मागची तारीख द्या.' मॉडेलला ते नेमकं गरजेच्या क्षणी वाचायला मिळतं, आणि वर्णनातलं एक वाक्य कमी होतं.

पाणंद:
हे घेतो. 'किरकोळ भावासाठी वापरू नये' मात्र वर्णनातच राहील. चुकीच्या कामासाठी बोलावलंय हे टूलला स्वतःला कधीच कळत नाही.