काशीत आई-बाबांसाठी घाटावरचं हॉटेल घ्यावं का?

वैदर्भी:
नमस्कार मंडळी. डिसेंबरात आई-बाबांना काशीला न्यायचंय, नागपूरहून. दोघंही सत्तरीच्या पुढचे. बाबा सपाटीवर व्यवस्थित चालतात, पण जिना आला की गुडघा कुरकुरतो. आईचं एकच मागणं आहे, खोलीतून गंगा दिसली पाहिजे. दादा म्हणतो, कँटॉन्मेंटमधलं हॉटेल घे, दारात गाडी लागते. घाटावरचे जुने वाडे दिसायला छान, पण पैसे दुप्पट आणि वयस्कर माणसांचे हाल. कुणी म्हाताऱ्या माणसांना घेऊन घाटावर राहिलंय का?

गल्लीबोळ:
दादांचं ऐका. घाटांच्या अलीकडच्या गोदौलिया चौकाच्या पुढे गर्दीत गाडी जात नाही, सामान घेऊन गल्ल्यांतून चालावं लागतं. संध्याकाळी दशाश्वमेध घाटावर गंगेची आरती बघा आणि परत या.

रेवाकाठ:
वैदर्भी, मी दादांच्या उलट सांगणार आहे, आणि अगदी मनापासून. सासूबाईंना घेऊन मी घाटावर राहिलेय, त्यांचे दोन्ही गुडघे बदललेले. या वयाचं माणूस दिवसातून एकदा बाहेर पडतं, फार तर दोनदा. कँटॉन्मेंटहून आलात तर ती एक फेरी रिक्षात आणि गर्दीतच संपते. घाटावर असलात तर बाहेर न पडताही काशी मिळते. गंगा इथे उत्तरेकडे वाहते, शहर सगळं पश्चिम काठावर, समोर नुसती वाळू. त्यामुळे घाटावरच्या खोलीत सूर्य थेट समोरून येतो. सासूबाई पहाटेच खुर्ची खिडकीशी ओढून घ्यायच्या. खाली कुणी डुबकी मारतंय, कुणी वल्ही धुतंय, आणि यांचा जप चाललेला. मी चहा नेऊन दिला तरी मान वळायची नाही. आईंना हेच हवंय, ते त्यांना द्या.

सामान घेऊन गल्ल्यांतून चालायचं नाही, होडीने थेट हॉटेलच्या घाटावर उतरायचं. पण हॉटेल निवडताना फोटो बघू नका, पायऱ्या बघा. फोनवर सगळे म्हणतात, "लिफ्ट आहे." ती कुठून सुरू होते ते विचारा. बऱ्याच वाड्यांत लिफ्ट स्वागतकक्षापासून असते, आणि स्वागतकक्षच घाटापासून मजलाभर वर. एका ठिकाणी मला "बस, थोडी सीढ़ियाँ हैं" असं सांगितलं. मी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ मागवला, होडीपासून खोलीच्या दारापर्यंत, मध्ये न थांबवता. एकेक पायरी फूटभर उंच, कठडा कुठेच नाही. तिथेच नाही म्हटलं. जिथे राहिलो तिथल्या पोरांनी होडीला रुंद फळी लावली, एक जण पुढे, एक मागे, आणि सासूबाई न घाबरता उतरल्या. असा व्हिडिओ द्यायला जो टाळाटाळ करेल, तिथे जाऊच नका.

आरक्षण करताना खोली "गंगेकडची" असं लेखी घ्या. नुसत्या "घाटावरचं हॉटेल" या शब्दांवर पैसे भरलेत तर खिडकी मागच्या गल्लीत उघडू शकते. मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र या दोन घाटांच्या अगदी शेजारी नको, चिता रात्रंदिवस जळतात, धूर खोलीत येतो. दशाश्वमेधला चिकटूनही नको, आरतीचे भोंगे फार जवळ पडतात. त्याच्या दक्षिणेला थोडं सरकलात की बरं.

तिथेच मुन्शी घाट आणि दरभंगा घाट आहेत. तुम्ही नागपूरकर, म्हणून मुद्दाम सांगते. दरभंगा घाटावरचा तो चुनारच्या दगडाचा महाल नागपूर दरबारचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी 1812 च्या सुमारास बांधला. पुढे 1915 मध्ये तो दरभंग्याच्या महाराजांकडे गेला. आज तिथे ब्रिजरामा पॅलेस हॉटेल आहे, शुद्ध शाकाहारी, दारू नाही. महाग आहेच, पण बाबांना होडीतून तरी दाखवा. उत्तरेला मणिकर्णिकेच्या पुढे भोसले घाटही नागपूरकरांचाच. आपल्या माणसांनी या काठावर किती बांधून ठेवलंय हे होडीतूनच नीट कळतं, आणि ते बघताना माझा तर ऊर भरून आला होता.

वैदर्भी:
ताई, व्हिडिओचं डोक्यातच आलं नव्हतं. विश्वनाथाच्या दर्शनाचं काय? रांगेत बाबांना उभं राहवणार नाही.

रेवाकाठ:
2021 च्या डिसेंबरात मंदिरापासून गंगेपर्यंतचा मोकळा परिसर, म्हणजे कॉरिडॉर, झाल्यापासून मंदिराचा एक दरवाजा ललिता घाटावर, थेट गंगेकडे आहे. होडीने तिथवर गेलात की गल्ल्या टळतात. फक्त तिथेही चढ आहे, तेव्हा सुगम दर्शनाचं, म्हणजे पैसे भरून लांब रांग टाळायच्या सोयीचं, आधी बघून ठेवा आणि सोमवार सोडा.

तिसरीपायरी:
मध्येच विचारतो. आम्हाला श्रावणात जायचंय, घाटावर चालेल का?

पंचगंगा:
मी इथेच राहतो, आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या ब्रह्माघाटाजवळ. श्रावण-भाद्रपदात नको. पाणी चढलं की एका घाटावरून दुसऱ्यावर चालत जाता येत नाही, होड्या बंद होतात, आरती गच्चीवर होते. इथली धोक्याची पातळी 71.262 मीटर आहे, रोजचा आकडा बातम्यांत येतो. पूर ओसरल्यावर पायऱ्यांवर गुडघाभर गाळ बसतो, तो पंपाने धुऊन काढायलाही बरेच दिवस जातात.

वैदर्भीताई, डिसेंबर उत्तम, फक्त धुकं धरून चाला. विमानं आणि गाड्या रखडतात, पहाटे दाट धुक्यात होड्याही थांबवतात. म्हणून होडी सकाळी उशिराची ठरवा आणि परतीच्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. हॉटेलात जादा रजई आणि खोलीत हीटर आहे का, तेही विचारा. दगडी वाडे हिवाळ्यात फार गार पडतात. आणि चौखंब्याला सकाळी मलइयो मिळतो, फक्त थंडीतच. मातीच्या कुल्हडात केशरी फेस, वर पिस्त्याचे काप. बाबांना गल्लीत चालवत आणू नका, हॉटेलच्या पोराला पाठवा, पण नऊच्या आत. ऊन चढलं की तो फेस बसतो.