येतंय, जातंय आणि ‘आपण’

‘हा’, ‘इथे’, ‘आज’ हे शब्द सुटे घेतले तर हाती काही लागत नाही. कोण बोलतंय, कुठून, केव्हा, हे कळल्यावरच त्यांना अर्थ येतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्यूलर यांनी १९३४ साली ‘मी-इथे-आत्ता’ हा या शब्दांचा मूळबिंदू मानला. मालवणीतले हंय (इथे) आणि थंय (तिथे) त्यात चपखल बसतात.

पण बोलणारा हा बिंदू हलवूही शकतो. मुंबईतला चाकरमानी शेजाऱ्याला सांगतो, “चतुर्थीक गावाक जातंय.” फोनवर आईला म्हणतो, “चतुर्थीक येतंय.” वाट तीच, क्रियापद बदललं, कारण आईशी बोलताना तो तिच्या ओटीवरून बोलतो. निघतानाही कोकणात ‘जातंय’ म्हणत नाहीत, ‘येतंय’ म्हणतात. अशुभ टाळायला, हे खरंच. पण व्याकरण पाहा, पाय बाहेर पडत असताना बोलण्याचं केंद्र घरातच राहतं. मराठीतल्या सुंदर प्रयोगांपैकी हा एक आहे असं मी मानतो.

‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचं तर विशेषच. “आमी फाल्या (उद्या) देवगडाक जातंव” म्हटलं की ऐकणारा घरी राहणार. “आपण फाल्या देवगडाक जावया” म्हटलं की त्यानेही पिशवी भरायला घ्यावी. संस्कृतच्या ‘वयम्’मध्ये हा भेद नाही. गुजरातीत आहे (अमे, आपणे), तेलुगूतही आहे (मेमु, मनम्). द्राविडी भाषांच्या शेजारामुळे तो आपल्याकडे आला असं अनेक अभ्यासक मानतात. ग्रामसभेत कुणी “आम्ही पाणंद दुरुस्त करू” म्हणतो की “आपण करू”, यावरून काम कोणाच्या अंगावर येणार ते कळतं. हल्ली सूत्रसंचालक सरसकट ‘आपण’ वापरतात, त्याने ही धार बोथट होते. ती जपायला हवी.

‘परवा’ दोन्हीकडे चालतो, मागेही आणि पुढेही. परवा पाऊस ‘पडला’ की ‘पडेल’ हे क्रियापद सांगतं.

‘वर-खाली’ला मात्र या पंगतीत बसवताना जपून. कणकवलीकर ‘घाटावर’ जातो, कोल्हापूरकर ‘खाली कोकणात’ उतरतो. कोल्हापुरात बसून बोललं तरी कोल्हापूर घाटावरच. इथे दिशा सह्याद्री ठरवतो, बोलणारा नाही. वरच्या वाडीतल्या माणसाला कुणी “खाली ये” अशी हाक मारली, तर त्यातला ‘खाली’ डोंगरउताराकडे बोट दाखवतो आणि ‘ये’ हाक मारणाऱ्याकडे.