स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या कर्मचाऱ्याने कार्यालयाकडे नेमक्या कोणत्या सोयी मागाव्यात? सोमवारच्या आत मदत हवी आहे

पाऊलवाट:
नमस्कार. गेल्या दोन महिन्यांपासून माझ्या कामात चुका होत आहेत आणि त्या कशामुळे होतात हे मला नीट ठाऊक आहे. पूर्वी मला भिंतीकडेची ठरलेली जागा होती. नव्या मजल्यावर कोणालाच ठरलेली जागा नाही. जो आधी येईल तो हवे तिथे बसतो. मी पोहोचते तेव्हा झेरॉक्स यंत्राशेजारचे टेबल तेवढे उरलेले असते आणि त्यावरची ट्यूब सतत लुकलुकत असते. इतरांना ते जाणवतही नाही, पण मला कागदावरच्या ओळी हलताना दिसतात. त्यात साहेब जाता जाता सांगतात, "ते जरा बघून घे." 'ते' म्हणजे कोणते आणि 'जरा' म्हणजे किती, हे मी पुन्हा विचारले की त्यांना तो उद्धटपणा वाटतो. सोमवारी एचआरबरोबर बैठक आहे. काय मागावे आणि कोणत्या शब्दांत मागावे, एवढेच सांगा. ध्यान आणि प्राणायाम करून झाले आहेत.

नोंदवही:
आपण महत्त्वाचे तेच लिहिलेले नाही. नोकरी सरकारी की खाजगी? कर्मचारी किती आहेत? निदान कोणी केले, प्रमाणपत्र आहे का आणि कार्यालयात हे कोणाला माहीत आहे? आपले काम काय, हेही कळले नाही. यावाचून दिलेला सल्ला अंदाजपंचे ठरेल.

केशरदेठ:
ताई, मला एडीएचडी (लक्ष एकाग्र न राहण्याची अडचण) आहे आणि मी स्वानुभवाने सांगते की आवाज रोखणारे चांगले हेडफोन घ्या. माझे निम्मे प्रश्न त्या एका खरेदीने सुटले. बैठका, अर्ज, विनंत्या यांत शक्ती घालवण्यापेक्षा हे सोपे आहे.

भाटघर:
आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, काढा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता स्पष्टपणे आहे आणि सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणापैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविध दिव्यांगत्व यांच्यासाठी मिळून आहे. प्रमाणपत्रावर ४० टक्के दिव्यांगत्व लागले की सर्व दारे उघडतात.

नोंदवही:
आरक्षणाविषयी त्यांनी विचारलेलेच नाही. शिवाय प्रत्येक सोयीसाठी ४० टक्क्यांची अट लागते, हेही बरोबर नाही. लेखनिक नाकारल्या गेलेल्या एका परीक्षार्थीच्या प्रकरणात, विकाश कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या २०२१ च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकाची सोय ४० टक्क्यांखालच्या व्यक्तीलाही नाकारता येत नाही असे म्हटले आहे.

भाटघर:
तो निकाल परीक्षेविषयीचा आहे. खाजगी कंपनीतील एचआर कागद मागणारच, आणि तो हाती नसेल तर बोलणे तिथेच संपेल.

रानजाई:
मी तर म्हणेन की निदान सांगूच नका. मी सांगितले आणि त्यानंतर ग्राहकांच्या बैठकांना मला बोलावणे हळूहळू बंद झाले. कोणी वाईट वागले नाही, सर्वजण 'काळजी घेत' होते, आणि त्या काळजीपायी माझी पदोन्नती दोन वर्षे लांबली. मागायचे ते कामाच्या गरजेच्या भाषेत मागावे.

पाऊलवाट:
क्षमस्व, हे आधीच लिहायला हवे होते. कंपनी खाजगी आहे, औषधांची, आणि माणसे चारशेच्या आसपास आहेत. निदान गेल्या वर्षी, वयाच्या ३१ व्या वर्षी, मानसोपचारतज्ज्ञांनी केले. त्यांचे पत्र आहे, यूडीआयडी नाही. एचआरला माहीत आहे, साहेबांना नाही. मी बॅच रेकॉर्ड तपासते, म्हणजे वजने, वेळा आणि सह्या पानोपानी जुळतात की नाही ते पाहते. मागच्या आठवड्यात एका पानावर वजनापुढे दुसरी सही नव्हती आणि ती मला दिसली नाही. सात वर्षांत असे पहिल्यांदाच घडले. त्या रात्री मला झोप आली नाही.

भाटघर:
सात वर्षांत अशी पहिलीच चूक असेल तर तीच तुमची सर्वांत भक्कम बाजू आहे. मी कार्डाचा आग्रह बाजूला ठेवतो, पण मानसोपचारतज्ज्ञांचे पत्र सोबत न्या.

नोंदवही:
कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. वाजवी सोयी देण्याचे थेट बंधन कलम २० मध्ये सरकारी आस्थापनांवर आहे. मात्र समान संधी धोरण जाहीर करणे कलम २१ प्रमाणे खाजगी आस्थापनांनाही बंधनकारक आहे, आणि वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर दिव्यांग कर्मचाऱ्यांना कोणत्या सुविधा दिल्या जातील हे त्यात नमूद करावे लागते. आपल्या कंपनीचे ते धोरण आजच मिळवून वाचा.

मोहोर_७४:
विषय थोडा निराळा आहे, पण माझ्या मुलाला अध्ययन अक्षमता असल्याने दहावीला जादा वेळ मिळाला होता. आता तो नोकरीला लागेल तेव्हा असे काही मिळते का? शाळेत मिळणारी समज नोकरीच्या पहिल्या दिवशी कुठे जाते, हा प्रश्न मला रात्रंदिवस छळतो.

टेम्सकाठ:
मी इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. येथे समानता कायदा २०१० प्रमाणे खाजगी मालकालाही वाजवी बदल करावे लागतात आणि त्यांपलीकडच्या मदतीसाठी 'ॲक्सेस टू वर्क' या सरकारी योजनेतून पैसे मिळू शकतात. मला जागा खिडकीपासून दूर हवी होती, ती एका ईमेलवर मिळाली.

रानजाई:
तिथे मागे कायदा उभा आहे, म्हणून एक ईमेल पुरला. येथे बहुतेक वेळा साहेबांचा स्वभाव हाच कायदा असतो.

जुना_पर्यवेक्षक:
मी साहेबांच्या बाजूने लिहितो, कारण माझ्या हाताखाली सहा वर्षे असा एक सहकारी आहे. सुरुवातीला मीही "जरा बघून घे" म्हणत असे. आता काम सांगितले की दोन ओळींची ईमेल पाठवतो: कोणते कागद, त्यांत काय पाहायचे आणि कधीपर्यंत. बैठकीचे विषय आदल्या दिवशी कळवतो. सकाळी दहा ते एक त्याला कोणी हाक मारत नाही, कारण हातातले काम मध्येच सोडून पुन्हा धरायला त्याला अर्धा तास लागतो, हे मी स्वतः पाहिले आहे. या सर्वाला एक रुपयाही लागला नाही. एकाला दिले की सगळे मागतील, अशी मला भीती होती. तसे झालेही, आणखी तिघांनी लेखी सूचना मागितल्या आणि त्या दिल्याने विभागातील फेरकाम कमी झाले.

केशरदेठताई, हेडफोनला माझा विरोध नाही, पण त्यांनी ट्यूबचे लुकलुकणे थांबत नाही. दिवा बदलणे आणि यंत्र हलवणे हे कार्यालयाचे काम आहे. त्याची भरपाई कर्मचाऱ्याने स्वतःच्या पैशाने का करावी?

केशरदेठ:
मान्य आहे. माझ्याकडे त्रास केवळ आवाजाचा होता, प्रकाशाचा नव्हता, हे माझ्या लक्षात आले नाही.

पाऊलवाट:
सर्वांचे मनापासून आभार. धोरण संकेतस्थळावर सापडले. मसुदा असा केला आहे:

"बॅच रेकॉर्डची तपासणी अचूक व्हावी यासाठी मला पुढील सोयी मिळाव्यात, अशी विनंती आहे. झेरॉक्स यंत्रापासून दूर, भिंतीकडेची एक ठरलेली जागा द्यावी आणि त्या जागेवरील दिवा बदलून द्यावा. तोंडी सांगितलेले काम त्याच दिवशी लेखी कळवावे. शक्य असल्यास सकाळच्या सत्रात मध्येच दुसरे काम देऊ नये. ही व्यवस्था दोन महिने करून पाहावी आणि त्यानंतर माझ्या तपासणीतील चुकांची आधीच्या दोन महिन्यांशी तुलना करावी."

साहेबांना निदान सांगायचे की नाही, हे अजून ठरत नाही.

रानजाई:
ते सोमवारी ठरवण्याची गरज नाही. निदानाची माहिती आपल्या लेखी संमतीशिवाय एचआरबाहेर जाऊ नये, हे वाक्य मात्र मसुद्यात घाला.

जुना_पर्यवेक्षक:
मसुदा उत्तम आहे. फक्त 'शक्य असल्यास' काढून त्या जागी 'दहा ते एक' अशी वेळ लिहा. माझ्यासारखा साहेब 'शक्य असल्यास' वाचतो आणि ते वाक्य सोडून पुढे जातो.