हेवी मेटलची टेस्ट सगळ्यांनी कशाला करायची?

राजारामपुरी_गल्ली
सोसायटीच्या ग्रुपवर काल एक पोस्ट फिरली. 'थकवा? केस गळतात? विसरायला होतं? अंगात शिसं, पारा, आर्सेनिक साठलंय. बावीस धातूंची टेस्ट करा, मग डिटॉक्स.' खाली लॅबचं कूपन. टाकणारे काका निवृत्त हेडमास्तर, त्यामुळं तीन घरांनी लगेच बुकिंग केलं. तिथं भांडलो तर उद्या लिफ्टमध्ये तोंड दाखवायची पंचाईत, म्हणून इथं लिहितो.

अहो, थकवा आणि केस गळणं हिमोग्लोबिन उतरलं तरी होतं, थायरॉइडनं होतं, बी-१२ कमी असलं तरी होतं. रात्री दोनपर्यंत रील बघितल्या तरी होतं. ते स्वस्तातलं आधी बघायचं सोडून थेट बावीस धातू?

आणि बावीस तपासले की काहीतरी लाल येणारच. लॅबची 'नॉर्मल' रेंज बहुतेकदा अशी आखतात की शंभर धडधाकट माणसांतली पंच्याण्णव तिच्यात बसावीत. अशा वीस वेगवेगळ्या टेस्ट केल्या तर ठणठणीत माणसाचीही निदान एक बाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के निघते. मग स्ट्रॉन्शियम वाढलं म्हणून घरात सुतक. आदल्या दिवशी सुरमई-कोळंबी हाणली असेल तर लघवीतलं एकूण आर्सेनिक वर जातं. ते माशातलं आर्सेनोबीटेन, निरुपद्रवी, आपोआप निघून जातं. पण रिपोर्टवर नुसतं लाल अक्षरात 'हाय'.

सगळ्यात मोठी चलाखी म्हणजे आधी धातू ओढणारं औषध द्यायचं आणि मग लघवी तपासायची. ते औषध कुणाच्याही अंगातून थोडंफार धातू काढतंच. तो आकडा औषध न घेतलेल्यांच्या रेंजशी ताडायचा, की गिऱ्हाईक तयार. पुढं सलाइनमधून 'चिलेशन', म्हणजे तेच धातू ओढणारं औषध. २००५ मध्ये अमेरिकेत एक पाच वर्षांचा मुलगा असल्या उपचारात दगावला, ईडीटीए या धातू ओढणाऱ्या औषधाचा चुकीचा प्रकार दिल्यामुळं रक्तातलं कॅल्शियम कोसळलं होतं.

थोडक्यात, पैसे वाचवा.

बॅटरीवाल्याचा_पोरगा
लई शहाणपणाचं लिहिलंय. आता माझं ऐका.

आमचे आबा उद्यमनगरात बॅटऱ्या दुरुस्त करायचे. जुन्या प्लेटा कढईत वितळवायच्या, नवीन ओतायच्या, त्याच हातानं तंबाखू मळायची. पोटात अशी कळ यायची की माणूस गुडघे पोटाशी धरून बसायचा. संडासला होत नव्हतं. एकानं ॲसिडिटी सांगितली, एकानं अपेंडिक्स. मग उजवं मनगट उचलेना, तर लकवा म्हणून मालिश. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडायला लावलं, हिरडीच्या कडेची निळी-काळी रेघ बघितली आणि विचारलं, 'काम काय करता?' तोवर हे कुणी विचारलंच नव्हतं. रक्तातलं शिसं ८० च्या वर.

तुमचं 'पैसे वाचवा' वाचून असाच एखादा माणूस घरात बसला तर?

राजारामपुरी_गल्ली
दादा, तुमच्या आबांची टेस्ट पहिल्या दिवशी व्हायला पाहिजे होती, यात वादच नाही. मी कूपनवाल्या पॅकेजबद्दल बोलतोय.

बॅटरीवाल्याचा_पोरगा
मग तसं लिहा की. अख्ख्या पोस्टीत 'कामगार' हा शब्द नाही. कोल्हापुरात राहता का पुण्यात?

शिरोळ_तालुका
टेस्टचं सोडा, आधी पंचगंगेचं बोला. तेरवाड बंधाऱ्यावर मेलेले मासे तरंगतात तेव्हा कुठं असता तुम्ही शहरवाले? इचलकरंजीचं रंगाचं पाणी, वरून तुमचा मैला, आणि पितो कोण? आम्ही! तुम्हाला थेट पाइपलाइन पाहिजे, धरणाचं पाणी पाहिजे. शिरोळातल्या प्रत्येकाची टेस्ट सरकारनं फुकट केली पाहिजे.

केमिस्ट्रीचा_मास्तर
राग रास्त आहे, पण मासे बहुतेकदा पाण्यातला प्राणवायू संपल्यानं मरतात. मळी, मैला कुजताना तो खाऊन टाकतात. त्यावरून शिसं सिद्ध होत नाही. पाण्याचा संशय असेल तर नमुना पाण्याचा द्या, तुमच्या रक्ताचा नंतर.

शिरोळ_तालुका
या एकदा, एक तांब्या भरून देतो. मग प्राणवायू शिकवा.

शाहूपुरीची_सूनबाई
मला वेगळंच विचारायचंय. इन्स्टा बघून पितळी पातेलं घेतलं, दारावर आलेल्याकडून कल्हई करून घेतली. त्याची कांडी मुलानं वहीवर ओढली तर पेन्सिलसारखी करडी रेघ उठली. हे शिसं असतं का? सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी सगळं ह्यातच शिजायचं, कुणाला काय झालं?

तांबट_आळीतला
ताई, रेघ उठली म्हणजे शिसं मिसळलेलं असण्याचा दाट संशय. कल्हईला लागणारं कथील सहसा अशी रेघ देत नाही. चोख कथलाची कांडी कानाशी धरून वाकवली की कुरकुरते, शिशाची मुकाट वाकते. आमचे वडील घेताना आधी वाकवून ऐकायचे. पण दोष एकट्या कल्हईवाल्याला देऊ नका. कथील महाग, शिसं स्वस्त, आणि गिऱ्हाईक दहा रुपयांसाठी घासाघीस करतंय. नवसागर तरी बरा मिळतोय हेच नशीब.

स्टील_झिंदाबाद
म्हणून म्हणतो, पितळ काढा माळ्यावर. ॲल्युमिनियम, इंडालियम वापरा, कल्हईची कटकट नाही.

केमिस्ट्रीचा_मास्तर
नाव 'स्टील' आणि सल्ला इंडालियमचा? अमेरिकेच्या एफडीएनं २०२५ मध्ये हिंडालियम-इंडालियमच्या काही आयात भांड्यांतून अन्नात शिसं उतरतं म्हणून इशारा दिलाय. भंगार वितळवून केलेल्या भांड्यात काय काय असतं ते ओतणाऱ्यालाही माहीत नसतं.

स्टील_झिंदाबाद
अमेरिकेला आपलं काहीच चालत नाही. तांबडा रस्सा पितळी पातेल्यात होतो तसा कुठंच होत नाही, हे मात्र मान्य.

तांबट_आळीतला
कल्हई असेल तरच. टोमॅटो, चिंच, ताक बिनकल्हईच्या पितळेत घातलं की कळकतं. हे तरी इन्स्टावाल्या बाई सांगतात का?

त्रिफळा_रोज
या धाग्यावर आयुर्वेदाला शिव्या कधी पडतात याचीच वाट बघत होतो. आधीच सांगतो, शोधित पारा विष नसतो. धातूंच्या भस्मावर बोलायची लायकी असेल तरच बोला.

राजारामपुरी_गल्ली
कुणी नाव तरी काढलं होतं का? आता काढलंच आहे तर ऐका. २००४ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात बोस्टनच्या दुकानांतून ७० आयुर्वेदिक उत्पादनं घेऊन तपासली, १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. भस्म खाणाऱ्यानं शिसं तपासावं, यात आयुर्वेदाचा अपमान कुठं आला?

त्रिफळा_रोज
आणि २०१५ मध्ये मॅगीत शिसं म्हणून बंदी आली, दोन-अडीच महिन्यांत मुंबई हायकोर्टानं उठवली. तेव्हा कुठं होतं तुमचं विज्ञान? मी वर्षानुवर्षं भस्म घेतो, ठणठणीत आहे.

बॅटरीवाल्याचा_पोरगा
आमचे आबा पण ठणठणीतच होते. मनगट पडेपर्यंत.

हुपरीकर
शिशाचंच सगळे धरून बसलाय. आमच्या हुपरीत चांदीकामात डाक देताना, म्हणजे तुकडे जोडताना, कॅडमियमचा धूर निघतो, ते केडीएम म्हणजे तेच. आमच्यात निम्मं काम घरात होतं, बाजूला पोरगं अभ्यासाला बसलेलं. किडनीवर जातं म्हणतात. कुठली टेस्ट करायची, ते सांगा की कोणीतरी. चार तास कल्हई चाललीय.

कंटाळलेला_एमडी
सांगतो, आणि मग झोपतो.
कॅडमियम: जुन्या साठ्यासाठी लघवी, नुकत्याच धुरासाठी रक्त. सोबत किडनीच्या तपासण्या. विडी-सिगरेट ओढत असाल तर ते सांगा, तंबाखूच्या धुरातूनही कॅडमियम जातं.
शिसं: साधं रक्त, शिरेतून, धातूमुक्त नळीत. केस, नखं, औषध देऊन लघवी असलं काही नको. पण रक्त अलीकडचं सांगतं, हाडात वर्षानुवर्षं दडलेलं पूर्ण दिसत नाही. आर्सेनिक करायचंच असेल तर तीन-चार दिवस मासे बंद.
डब्ल्यूएचओ २०२१ पासून सांगते, ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त आलं की शिसं कुठून येतंय ते शोधा आणि थांबवा. औषध बऱ्याच पुढची गोष्ट, लहान मुलांत ४५ पासून. अंगात लोह कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं, म्हणून तेही बघा.
पॅकेजच्या बाबतीत धागाकर्ते बरोबर. कामगारांच्या बाबतीत बॅटरीवाले बरोबर, आणि १९४८ च्या कारखाने कायद्यापासून शिशाची विषबाधा कळवायच्या आजारांच्या यादीत आहे. किती जण कळवतात ते विचारू नका.

राजारामपुरी_गल्ली
ठीक. वर एक ओळ वाढवलीय: 'बॅटरी, डाक, ओतकाम, रंगकाम करणाऱ्यांनी आणि भस्म घेणाऱ्यांनी नेमकी टेस्ट करावी.' झालं समाधान?

बॅटरीवाल्याचा_पोरगा
'आणि त्यांच्या घरातल्या पोरांनी' हे राहिलं. आबांचे कपडे आई त्याच बादलीत धुवायची.

राजारामपुरी_गल्ली
घातलं. आता अख्खं हुपरी आणि उद्यमनगर आलं यादीत.

हुपरीकर
मग? यायलाच पाहिजे.

शिरोळ_तालुका
शिरोळ राहिलं.

शाहूपुरीची_सूनबाई
माझ्या पातेल्याचं कोणी सांगणार आहे का? रविवारी पाहुणे आहेत.

तांबट_आळीतला
ताई, पातेलं घेऊन या. आधीची कल्हई उतरवून परत करू. कांडी तुमच्यासमोर वाकवतो, कान लावून ऐका. सासूबाईंनाही आणा.