शब्दचर्चा: ‘पेशी मारणारी प्रथिने’ म्हणावं का?

विचारणा (निपाणी)
तंबाखूच्या वखारींत काम करणाऱ्या बायकांसाठी तोंडाच्या कर्करोगावर मराठी पत्रक करतोय. त्यात मी लिहिलं होतं, ‘पेशी मारणारी प्रथिने कर्करोगाशी संबंधित जनुकांच्या संदेशवहनाचे नियमन करतात.’ वाचून दाखवलं तर शेजारच्या काकी म्हणाल्या, “पेशी मारणारी म्हणजे वाईटच की. मग ती कमी करायचं औषध द्या!” शब्द कोणता घ्यावा?

उत्तर (बेळगाव, कॉलेजात जीवशास्त्र शिकवते)
काकींनी नेमकं बोट ठेवलं. कर्करोगात अडचण बहुतेक वेळा उलटी असते: मरायला हवी ती पेशी मरत नाही. आधी ‘नियोजित पेशीमृत्यू’ हा शब्द आणा. कर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी १९७२ साली त्यासाठी ‘अपॉप्टॉसिस’ हे नाव वापरलं. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन विद्यापीठातल्या ग्रीकच्या प्राध्यापकांनी सुचवलेल्या त्या मूळ शब्दाचा अर्थ पानं किंवा पाकळ्या गळणं. म्हणजे ‘पेशींची पानगळ’ हे भाषांतर अगदी घरचं आहे, फक्त पत्रकात एकदाच वापरा, नाहीतर कविता होईल.

आता ‘मारणारी’ का नको ते. तंबाखूनं डीएनए बिघडला की पी५३ हे प्रथिन जागं होतं. ते स्वतः पेशीला मारत नाही, जनुकं चालू करतं: काही जनुकं पेशीचं विभाजन थांबवतात, तर बॅक्स, प्युमा यांसारखी तिला मरणाकडं नेतात. उलट बीसीएल-२ हे प्रथिनही याच चर्चेतलं, पण ते पेशीला जगवतं. १९८८ साली हे दिसलं तेव्हा कर्करोगाकडं बघायची नजरच बदलली. पेशी भराभर वाढल्या नाहीत, नुसत्या मरायच्या राहिल्या, तरी गाठ होऊ शकते.

उत्तर (खानापूर)
माझा आक्षेप ‘नियमन’वर. सरकारी कागद वाचल्यासारखं वाटतं. ‘जनुकं चालू-बंद करतात’ असं सरळ लिहा. दुसरं, आमच्याकडची बरीच पोरं कन्नड माध्यमात शिकलेली आहेत. त्यांना पेशी म्हणजे ‘जीवकोश’ आणि जनुक म्हणजे ‘वंशवाही’. कंसात तेवढे दोन शब्द टाकले तर घरात पत्रक वाचून दाखवणाऱ्या पोरांचं काम सोपं होईल. मात्र मराठी मजकुरात नुसतं ‘कोश’ लिहू नका, लोक शब्दकोश समजतील.

उत्तर (बेळगाव)
‘चालू-बंद’ पी५३ ला चालेल, सगळ्यांना नाही. पेशी संपवणाऱ्या प्रथिनांपैकी कॅस्पेज-८ बघा. टीएनएफ हा दाहाचा निरोप पेशीच्या दारात आला की आतल्या आरआयपीके१ या प्रथिनापुढं दोन वाटा असतात. एका वाटेनं एनएफ-कप्पाबी हे जनुकं चालू करणारं प्रथिन केंद्रकात जातं आणि जगवणारी, दाह वाढवणारी जनुकं चालू करतं. दुसऱ्या वाटेनं कॅस्पेज-८ गोळा होऊन पेशी संपते. त्यातही पहिल्या वाटेनं तयार झालेली काही प्रथिनं कॅस्पेज-८ लाच अडवतात. शिवाय कॅस्पेज-८ आरआयपीके१ ला कापून निरोप पुढं जाणंच थांबवतं. इथं जनुकाला थेट हात लागलेला नाही, अडवलाय तो निरोप. म्हणून ‘संदेशावर ताबा ठेवतात’ हे मला जास्त बरोबर वाटतं.

आणि हा निपाणीशी दूरचा विषय नाही. भारतातल्या हिरडी-गालाच्या कर्करोगांचा जनुकीय अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पी५३ च्या जोडीला कॅस्पेज-८ चं जनुकही वारंवार बिघडलेलं आढळलं. तंबाखू गालात धरतात तीच ही जागा.

विचारणा (निपाणी)
मग असं: ‘बिघडलेल्या पेशीनं जगायचं की संपायचं हे काही प्रथिनं ठरवतात. त्यासाठी ती जनुकांकडं जाणाऱ्या संदेशांवर ताबा ठेवतात. तंबाखूनं हीच यंत्रणा बिघडू शकते.’ कॅस्पेज, टीएनएफ ही नावं गाळतोय. मशेरी लावणाऱ्या बाईला ती कशाला?

उत्तर (खानापूर)
उत्तम. ‘प्रथिनं ठरवतात’ म्हटलं की ती विचार करतात असं वाटतं, पण चालेल. पहिल्या वाक्यात ‘शरीरातली प्रथिनं’ करा मात्र. आमच्याकडं प्रोटीन म्हटलं की लोक डाळ आणि अंडी मोजायला लागतात.

उत्तर (बेळगाव)
‘पेशीतली’ करा, ‘शरीरातली’ नको. आणि तोंडातला पांढरा-लाल चट्टा किंवा बरी न होणारी जखम दिसली तर डॉक्टरला दाखवा, हे वाक्य यांच्याही वर, ठळक अक्षरात घ्या.